पुंगळी कोणाची? चांदमारीच्या मैदानावरचा सरवा

(कंधार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "सर, पुंगळी म्हणजे बंदुकीतली ती रिकामी पुंगळीच ना? तिच्यावर तासभर बोलणार?" आम्ही म्हणालो, होय, तिच्यावरच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. आत्मा, ब्रह्म, द्रव्य, गुण, सगळे फळ्यावर लिहून झाले. पण एक प्रश्न पंचावन्न-साठ वर्षे बोटभर लांबीच्या पितळेत अडकून राहिला आहे. जमिनीवर पडलेली वस्तू कोणाची? ती उचलायची झाली तर कधी उचलायची, कोणाला विचारून उचलायची आणि किती उचलायची? हे प्रश्न साधे वाटतात. पण त्यांची उत्तरे चुकली की माणसाची अब्रू जाते, आणि कधी कधी जीवही जातो. आज तेच सांगायचे आहे.

आधी वस्तू ओळखून घेऊ. काडतुसाचे चार भाग असतात. पुढे शिशाची गोळी, आत दारू, मागे ठिणगी पाडणारी टोपी, आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारी पितळी नळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती नळी. तिलाच आपण पुंगळी म्हणतो. फौजेत आणि पोलिसांत हिंदीच्या वळणाने 'खोका' म्हणतात. वर्तमानपत्रात वाचतो ना आपण, 'घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या जप्त', तीच ही.

आता गंमत बघा. ही पुंगळी इतिहासात फार उशिरा आली. तुमच्या इथल्या किल्ल्यावरच्या तोफा पाहा. राष्ट्रकूटांच्या काळापासून कंधारचे नाव आहे. तिसऱ्या कृष्णाच्या बिरुदांत 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवले गेले. तोफा आल्या त्या पुष्कळ नंतरच्या राजवटींत. पण ती तोफ काय किंवा आपल्या आजोबांच्या माळ्यावरची ठासणीची बंदूक काय, दोन्ही तोंडाने भरायच्या. दारू ओता, गोळा घाला, गजाने ठासा, बत्ती द्या. बार झाला की मागे धूर राहायचा. वेचण्यासारखे जवळ काहीच पडत नसे. 1857 सालचे ते प्रसिद्ध काडतूस कागदाचे होते. दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची. त्या चरबी लावलेल्या कागदाने केवढे रामायण घडवले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बार झाल्यावर तो कागद कोणी वेचला नसेल.

मागून भरायच्या बंदुका आल्या आणि चित्र पालटले. ब्रिटिश फौजेने 1866 साली स्नायडर बंदूक घेतली, तिच्याबरोबर पितळी पत्र्याचे काडतूस आले. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 साली निघाला. स्वातंत्र्यानंतर, चीनच्या युद्धाने डोळे उघडल्यावर, जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 साली कारखाना उभा राहिला. तिथेही बंदुकीची काडतुसे होतात. म्हणजे आपल्या मुलखात पुंगळीचे वय दीडशे वर्षांच्या आसपास. पुंगळी आली त्याच दिवशी ती वेचणाराही आला असणार. कारण पितळ जमिनीवर पडलेले बघून पुढे जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

पितळेचे मोल आपल्याला नव्याने सांगायला नको. काडतुसाच्या पितळेत शंभरातले साधारण सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. आपल्या आया-आज्यांना हा हिशेब पुस्तकाशिवाय कळत होता. फुटका तांब्या, चेपलेली परात त्या फेकत नसत. भांड्याच्या दुकानात मोड म्हणून घालायच्या आणि वर थोडे पैसे टाकून नवे भांडे घ्यायचे. मोड हा शब्द मोठा शहाणा आहे. वस्तू मोडली तरी तिची किंमत मोडत नाही, असे तो सांगतो. पुंगळीचेही तसेच. शिवाय मोठ्या रायफलीची पुंगळी पुन्हा मापात दाबून, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून परत वापरता येते. लहान .22 च्या पुंगळीला ते भाग्य नाही. तिची ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते, ठोका बसला की कडाच चेपते. ती फक्त मोडीची.

आता प्रश्नाकडे येऊ. आपल्या मराठीत जमिनीवरच्या वस्तूला चार वेगवेगळे शब्द आहेत. ठेवलेली, हरवलेली, पडलेली आणि टाकलेली. दिसायला चौघी सारख्याच. रस्त्यात एक तांब्या दिसला, तर त्याच्याकडे बघून तो यांपैकी कोणता हे सांगता येईल काय? नाही येणार. फरक तांब्यात नाही, मालकाच्या मनात आहे. ठेवलेल्यावर त्याचे लक्ष आहे. हरवलेला तो शोधतो आहे. पडलेल्याची त्याला खबरच नाही. आणि टाकलेल्यावरून त्याने स्वतःहून मन काढून घेतले आहे. रोमन कायद्याने टाकलेल्या वस्तूचा वर्गच वेगळा केला: मालकाने सोडून दिली, मग जो उचलेल त्याची. मनुस्मृती मालकाचा पत्ता नसलेल्या धनाबद्दल सांगते की राजाने ते तीन वर्षे राखून ठेवावे. त्या मुदतीत मालक आला तर त्याला द्यावे, नाहीतर राजाकडे जावे. म्हणजे दोन्हीकडे एक गोष्ट मान्य आहे. वस्तू हातातून सुटली म्हणून मालकीतून सुटली असे होत नाही.

मग पुंगळी यातली कोणती? नेमबाजाने ती टाकली काय? बघा, गोळी तो मुद्दाम सोडतो. पुंगळी मात्र बंदूक बाहेर फेकते. कधी आपोआप, कधी खटका मागे ओढला की. कधी उजवीकडे चार हात, कधी शेजाऱ्याच्या अंगावर. तेव्हा फेकली बंदुकीने. माणसाने टाकली की नाही, ते त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. 'विचारल्याशिवाय' हा शब्द आजच्या व्याख्यानातला महत्त्वाचा शब्द आहे.

अमेरिकेत सार्वजनिक चांदमारीची मैदाने आहेत. पैसे भरा, आपली बंदूक घेऊन जा, नेम मारा. तिथे पुष्कळ लोक घरी काडतूस पुन्हा भरतात, त्यामुळे पुंगळीला भाव आहे आणि भावामुळे भांडण आहे. त्यातून काही रीती पडल्या. ज्याने गोळी झाडली त्याचा पुंगळीवर पहिला हक्क. शेजाऱ्याच्या पुंगळ्या आपल्या बाजूला उडून आल्या तरी त्याला विचारायचे, "तुम्हाला हव्यात का?" तो नको म्हणाला तर घ्यायच्या. तो नेम धरून बसला असताना त्याच्या पायाशी वाकायचे नाही. गोळीबाराच्या रेषेपुढे गेलेली पुंगळी कितीही खुणावत असली तरी सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या होऊन खाली ठेवल्या जाईपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही. काही मैदानांवर तर रेषेपुढे पडलेले सगळे मैदानाचे, असाच नियम असतो. आणि बादलीत जे जमा झाले त्यात हात घालायचा नाही. ह्यातला एक नियम जीव वाचवण्यासाठी आहे, बाकीचे मान राखण्यासाठी. दोन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत, हे लक्षात ठेवू.

आपल्याकडे परिस्थिती निराळी. आपल्या लहान गावांत आता नेमबाजीचे जे क्लब निघत आहेत, ते बहुतेक 10 मीटरच्या हवेच्या बंदुकीचे. तिथे शिशाचा छर्रा असतो, पुंगळी नसतेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. ती .22 ची रायफल, तिची पुंगळी पडते. पण अशी मैदाने शहरांत, मोजकी. सामान्य मराठी माणसाने पुंगळी जवळून पाहिली ती बहुधा दोन ठिकाणी: एनसीसीत किंवा पोलीस-फौजेच्या नोकरीत. आणि तिथे रीत एकच. मोजणी.

ही मोजणी समजून घ्या, कारण ती उगाच नाही. सकाळी शंभर काडतुसे मोजून दिली. संध्याकाळी शंभर पुंगळ्या परत आल्या पाहिजेत, किंवा न झाडलेली काडतुसे आणि पुंगळ्या मिळून शंभर. पुंगळी ही एक प्रकारची पावती आहे. एक पुंगळी कमी म्हणजे एक जिवंत काडतूस कोणाच्या तरी खिशातून बाहेर गेले असण्याची शक्यता. आणि बाहेर गेलेले काडतूस शेवटी कोणाच्या छातीत जाईल ते सांगता येत नाही. म्हणून मैदानावर लाल झेंडा खाली येतो, पोरे रांगेत उभी राहतात, जमिनीवरून पुंगळ्या वेचतात, मोजतात. मग प्रत्येकाने मोठ्याने जाहीर करायचे की माझ्याजवळ जिवंत काडतूस किंवा खोका नाही. त्या सांगण्याला शपथेचे वजन असते. आम्हीही ते सांगितले आहे. आणि ते खोटे निघाले. तिकडे वळतोच, पण त्याआधी शेतात जाऊन येऊ.

इथे बसलेल्या सगळ्यांना सरवा माहीत आहे. ज्वारीची काढणी झाली, पेंढ्या बांधल्या, कणसे खळ्यावर गेली. रानात इकडेतिकडे कणसे पडून राहतात, दाणे सांडलेले असतात. तो सरवा. भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, तोही सरवाच. गावातल्या ज्यांना रान नाही अशा बाया, म्हाताऱ्या, पोरे सरवा वेचायला यायची. तेही कसे? मालकाने पेंढ्या उचलल्यावर. उभ्या पिकाला आणि बांधलेल्या पेंढीला हात न लावता. ओट्यात मावेल तेवढे. बांधावर उभे राहून, "यावं का मालक?" एवढे विचारून. आणि मालकानेही शेवटचे कणीस खरडून न्यायचे नाही, कारण पाखराचा आणि गरिबाचा वाटा रानात राहिला पाहिजे. शेवटच्या कणसापर्यंत वेचून नेणाऱ्या मालकाला गावात चांगले म्हणत नसत. आता बघा, कधी, कोणाला विचारून, किती, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरव्यात आहेत. कुठेही लिहिलेली नाहीत आणि सगळ्यांना पाठ आहेत. शिष्टाचार म्हणतात तो हा.

सरवा म्हणजे लाचारी, असे समजू नका. आपल्या परंपरेत त्याला फार वरचे स्थान आहे. कापलेल्या रानातली कणसे वेचणे ते शिल, एकेक दाणा टिपणे ते उंछ. मनुस्मृतीने ह्या उपजीविकेला 'ऋत' म्हटले, सत्याचेच नाव दिले. वैशेषिक दर्शनाचे प्रणेते कणाद यांचे नावच, परंपरा सांगते, कण वेचून खाण्यावरून पडले. ज्याने जगाचे कण मोजले तो आधी शेतातले कण वेचत होता! महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात उंछवृत्तीने जगणाऱ्या कुरुक्षेत्रातल्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. उपाशी कुटुंबाने आपल्या वाट्याचे सातूचे पीठ अतिथीला दिले. तिथे सांडलेल्या पिठात एक मुंगूस लोळले आणि त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. युधिष्ठिराच्या अश्वमेधात ते उरलेले अर्धे अंग घेऊन आले, पण ते काही सोन्याचे झाले नाही. सांगायचे तात्पर्य, राजाच्या यज्ञापेक्षा सरवा वेचणाऱ्याचे पीठ मोठे ठरले.

पण जिथे रीतीची जागा नुसत्या मालकीने घेतली तिथे काय झाले? इंग्लंडात 1788 साली एक खटला गाजला. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन नावाच्या बाईने कापणीनंतर रानात सरवा वेचला, मालकाने दावा लावला. न्यायालयाने निकाल दिला की सामान्य कायद्यात सरव्याचा हक्क असा कोणाला नाही. एका ओळीत शेकडो वर्षांची रीत अतिक्रमण ठरली. निकालानंतरही पुष्कळ गावांत बाया सरवा वेचतच राहिल्या, ती गोष्ट वेगळी. रीत निकालाने लगेच मरत नाही. पण तिच्या पाठीशी कोणी उभे नाही हे सगळ्यांना कळते.

आता ती आमची गोष्ट. चीनच्या युद्धानंतर 1963 पासून महाविद्यालयात एनसीसी सक्तीची झाली होती, 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. आम्ही त्या मधल्या काळातले विद्यार्थी. 1967 च्या हिवाळ्यात शिबिर होते. गावाबाहेर एका टेकडीला पाठ करून मातीचा बंधारा घातलेला, त्याच्यापुढे निशाणे. चाळीस पोरे, प्रत्येकी पाच गोळ्या, .22 ची रायफल. पोटावर पालथे पडायचे आणि नेम धरायचा. आमची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती, कारण तसाच हुकूम होता.

बंधाऱ्याच्या पलीकडे दहा-बारा वर्षांचा एक शेळ्या राखणारा पोरगा बसायचा. लाल झेंडा खाली आला, सगळे उठले, की तो यायचा आणि मातीतून शिशाचे चपटे तुकडे उकरून एका चिंधीत बांधायचा. नदीवरचे भोई जाळ्याला वजन लावायला ते शिसे घेत, त्याला चार पैसे मिळत. तो कधी झेंडा वर असताना आला नाही. कधी पुंगळीला शिवला नाही. शिकवणाऱ्याकडे बघून मान हलवायचा, त्यांनी मान हलवली की पुढे यायचा. त्याला कोणी नियम सांगितले नव्हते. त्याने शेतातली रीत उचलून चांदमारीवर आणली होती. आज कळते, त्या मैदानावर शिष्टाचार नीट पाळणारा तो एकटाच होता.

त्या दिवशी मोजणीत एकशे नव्व्याण्णव पुंगळ्या भरल्या. एक कमी. चाळीस पोरे गुडघ्यावर रांगत गवत चाळू लागली. अर्धा तास, एक तास. सगळ्यांनी पुन्हा एकदा ओरडून सांगितले, माझ्याजवळ काही नाही. आम्हीही सांगितले, छाती पुढे काढून. मग कोणाचे तरी लक्ष त्या पोराकडे गेले. त्याची चिंधी सोडायला लावली. शिसे सांडले. पुंगळी नव्हती. तरी दोन थोबाडीत बसल्या, कारण काहीतरी व्हायला हवे होते. शिसे जप्त झाले. तो रडला नाही. शेळ्या घेऊन टेकडीमागे गेला.

रात्री तंबूत बाही सोडली आणि दुमडीतून पुंगळी खाली पडली. डावीकडच्या पोराच्या रायफलीतून उडून आली असणार, बाहीच्या घडीत बसली असणार. आम्हाला पत्ता नव्हता. सकाळी नेऊन दिली. शिकवणाऱ्यांनी ती हातात घेतली, वहीत आकडा पुरा केला, म्हणाले, "शाब्बास, प्रामाणिक आहेस." वही मिटली. त्या पोराकडे जाऊन, "बाळा, चूक झाली," असे सांगण्याची कोणाला आठवण झाली नाही. शिबिराचे अजून दोन दिवस होते. तो आला नाही. आम्ही टेकडीमागे जाऊ शकत होतो, गेलो नाही. आयुष्यभर भाषणात 'आम्ही' म्हणण्याची सवय आहे, पण ती बाही एकाचीच होती आणि न जाणाराही एकच.

पुढे नोकरीच्या काळात कायदा वाचण्यात आला आणि ती रात्र परत आठवली. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश ह्या खटल्यात सांगितले की शस्त्र कायद्याखाली ताबा म्हणजे नुसती वस्तू जवळ असणे नव्हे. ती आपल्याजवळ आहे ह्याची जाणीव हवी. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्येही, काडतुसाचा किरकोळ भाग बाळगला आणि तो पूरक भागांबरोबर वापरण्याचा इरादा नसेल, तर त्याला सूट आहे. विमानतळावर पिशवीच्या कोपऱ्यात नकळत राहिलेल्या एखाद्या काडतुसावरून नोंदवलेले गुन्हे उच्च न्यायालयांनी असल्याच कारणांनी रद्द केलेले आहेत. तत्त्वज्ञान म्हणते तेच. ज्ञान नाही तर कर्माचा दोष तसा लागत नाही. म्हणजे 1967 च्या त्या रात्री कायद्याने आणि तत्त्वज्ञानाने आम्ही निर्दोष सुटलो. आमच्या बाहीत पुंगळी असून आम्ही निर्दोष. त्या पोराच्या चिंधीत पुंगळी नसून तो दोषी. संशयाचा फायदा आम्हाला गणवेशामुळे मिळाला. हे गणित आम्हाला अजून सुटलेले नाही.

ही एका पोराची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण महाराष्ट्राच्या नकाशावर ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने अहमदनगर, तिथे रणगाड्यांच्या सरावाचे के. के. रेंज आहे. खारे कर्जुने गावावरून पडलेले हे नाव. असल्या जमिनींसाठी 1938 चा कायदा आहे, तोफखान्याच्या सरावाकरता सरकारने क्षेत्र जाहीर करायचे आणि त्या काळात लोकांनी बाहेर राहायचे. सराव संपला की आसपासचे गरीब लोक भंगार वेचायला जातात. तिथे पडलेले म्हणजे नुसती रिकामी पुंगळी नव्हे. न फुटलेला गोळाही त्याच पितळेत, त्याच लोखंडात पडलेला असतो. घरी आणून तो फोडताना माणसे मेल्याच्या बातम्या त्या भागातून आलेल्या आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारानजीक सोनेगावला 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, 6 माणसे गेली. राबणारे मजूर आसपासच्या खेड्यांतले होते. असल्या मैदानावर धातूचे तुकडे वेचायला लोक का येतात, ह्याची चर्चा तेव्हाच्या बातम्यांत झाली आणि विरली.

आपण म्हणतो, मूर्ख लोक, सांगूनही जातात. जरा थांबा. तो माणूस काय करतो आहे? तो पिढ्यान्‌पिढ्यांची सरव्याची रीत पाळतो आहे. मालकाचे काम संपले, गाड्या गेल्या, झेंडा उतरला, आता उरलेले गरिबाचे. शेतात ही रीत त्याला जगवत होती, कारण शेतात उरलेला दाणा निरुपद्रवी असतो. चांदमारीवर तीच रीत त्याला मारते. दोष रीतीचा नाही, त्या नव्या रानाची रीत त्याला कोणी शिकवली नाही हा आहे. फौजेजवळ मोजणी आहे, पण ती तिच्या कुंपणाच्या आत संपते. गावाजवळ सरवा आहे, पण त्याला गोळ्यातला फरक कळत नाही. आणि दोघांत एकमेकांना विचारण्याची वाट नाही. "यावं का मालक?" असे विचारायला बांध तर हवा, आणि बांधावर उभा असलेला मालक तर हवा.

मग करायचे काय? आम्ही काही अधिकारी नाही, सूचना देणे एवढेच हातात. तरी चार गोष्टी सांगतो.

पहिली, तरुणांसाठी. कंधार-लोह्याकडची पुष्कळ पोरे पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करतात. पुढे मैदानावर जाल तेव्हा पुंगळी आठवण म्हणून खिशात घालू नका. ती तुमची नाही, ती मोजणीची आहे. एक पुंगळी कमी पडली तर शिक्षा तुम्हाला होईलच असे नाही. दुसऱ्याच कोणाला तरी होईल.

दुसरी, सगळ्यांसाठी. रस्त्यात, रानात, भांडण झालेल्या जागी पुंगळी दिसली तर हात लावू नका. बंदुकीच्या ठोक्याची खूण तिच्या बुडावर असते, ती कोणत्या बंदुकीतून सुटली ते त्यावरून ताडता येते. ती कोणाचा तरी न्याय धरून बसलेली असते. पोलिसांना कळवा. आणि गोळ्यासारखे, न फुटलेले काही असेल तर जवळही जाऊ नका. तिथे टाकलेले कोणते, पडलेले कोणते हा विचार करायला वेळ मिळत नाही.

तिसरी, ज्यांच्या ताब्यात मैदाने आहेत त्यांच्यासाठी. शेतकरी रान मोकळे करून मग सरव्याला परवानगी देतो. तुम्हीही आधी जाणत्या माणसांकडून जमीन निर्धोक करून घ्या. मग जे निर्धोक धातू उरेल, त्याचा वाटा गावाला द्या, गावच्या माणसाला विचारून द्या. नुसती पाटी लावून भुकेला अडवता येत नाही.

आणि चौथी, मोजणारांसाठी. आकडा कमी पडला तर शोधा, जरूर शोधा. पण शोध गणवेशापासून सुरू करा, चिंधीपासून नको. आणि हरवलेली वस्तू सापडली की वही मिटण्याआधी ज्याच्यावर संशय घेतला त्याच्याकडे जा. वस्तू परत देणे सोपे असते. अब्रू परत द्यायला टेकडीमागे चालत जावे लागते.

सुरुवातीला विचारले होते, पडलेली वस्तू कोणाची? एवढ्या वर्षांनी आमचे उत्तर असे आहे. ती आधी त्याची, ज्याच्या हातून सुटली. त्याने मन काढून घेतले असेल तर मग त्याची, ज्याला तिची गरज आहे आणि ज्याने विचारले आहे. तो शेळ्यांचा पोरगा दोन्ही अटी पुऱ्या करत होता. त्याच्या चिंधीतले शिसे त्याचेच होते. ते जप्त करण्याचा अधिकार त्या मैदानावर कोणालाही नव्हता.

तो आज असेल तर सत्तरीजवळ आलेला असेल. कदाचित ह्याच तालुक्यात असेल, कदाचित पुढच्या रांगेतल्या कोणाचा आजा असेल. नाव तेव्हाही विचारले नाही. म्हणून इथे, माइकवरून, सगळ्यांसमक्ष सांगतो: बाबा, ती पुंगळी आमच्या बाहीत होती.